कासेचं मलम

आर्डिस नायगार्डला कशाचीच किळस येत नाही, असं आमच्या खोऱ्यात सगळे म्हणायचे, आणि ते खोटं नव्हतं. अडलेल्या गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून तिने वासरं ओढून काढली होती. वासरामागची जार पोटात अडकली की तीच हाताने सोडवायची, मग हात धुऊन जेवणाला बटाटे सोलायला बसायची. शहरातून आलेली पाहुणेमंडळी गोठ्याच्या दारातच नाक मुरडायची, तेव्हा ती म्हणायची, "दूध पिताना नाही ना हो वास येत?" गोठा मात्र तिचा असा लख्ख असायचा की दूध तपासायला येणारा माणूस बूट पुसून आत जायचा.

आणि ह्याच बाईला उन्हाळ्याअखेरीस स्वतःच्या पोटाची शिसारी बसली.

आतड्यात गाठ निघाली होती. डॉक्टरांनी गाठीसकट आतड्याचा तुकडा कापून काढला आणि उरलेलं टोक पोटाला भोक पाडून बेंबीच्या डावीकडे बाहेर आणून शिवलं. लाल, ओलं, बोराएवढं तोंड. त्याला ना वेळ ना काळ. सकाळची कॉफी घ्या, चर्चमध्ये प्रार्थनेला उभे राहा, त्याला वाटेल तेव्हा ते आपलं काम उरकणार. त्याच्याभोवती चिकट चकती लावायची आणि चकतीवर पिशवी अडकवायची. पहिल्यांदा पिशवी बदलताना आर्डिसने मान भिंतीकडे वळवली आणि म्हणाली, "शी! गाईचं शेण निदान गाईच्या मागून पडतं."

घरी येणारी नर्स मार्लिस जीव तोडून सांगायची, "आर्डिस, नुसतं कोमट पाणी. मऊ फडक्याने टिपायचं, घासायचं नाही. साबण नको, तेल नको, मलम तर अजिबात नको. आणि चकतीचं भोक त्या तोंडाच्या मापाचंच काप. भोवतीच्या कातडीला घाण लागली की कातडी गेली म्हणून समज."

"बरं," आर्डिस म्हणायची. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. नुसत्या पाण्याने? ही घाण? ज्या बाईने जन्मभर धारेआधी गाईचे सड औषधाच्या पाण्याने धुतले, ती स्वतःच्या पोटावरची विष्ठा नुसत्या पाण्याने पुसून गप्प बसणार? मार्लिसची गाडी वळणापलीकडे गेली की आर्डिस गोठ्यातून सड बुडवायचं तांबूस औषध आणायची, ते पाण्यात घालून भांडी घासायच्या ब्रशने पोट घासायची आणि वर बोटभर कासेचं मलम थापायची. ह्या मलमाचा डबा आमच्याकडे प्रत्येक घरात चुलीशेजारी असतो. फुटलेल्या टाचा, पोरांची लाल झालेली ढुंगणं, बुटांचं चामडं, सगळ्याला एकच मलम. भर थंडीत गाईची कास ज्याने फुटत नाही, त्याने माणसाचं पोट कसं बिघडेल, असा तिचा हिशोब होता.

मलमाने कातडी तेलकट झाली आणि तेलकट कातडीवर चकती कशी चिकटणार? ती कडेने सुटायची. खालून पातळ मळ झिरपायचा आणि कातडी जाळायचा. जळलं की आर्डिसला आणखी घाण वाटायची, मग आणखी घासणं, आणखी औषध, आणखी मलम. रोगापेक्षा इलाज भयंकर, तो हा असा. महिन्याभरात त्या तोंडाभोवती वाटीएवढी जागा सोललेल्या टोमॅटोसारखी झाली. तिथून पाणी गळायचं. अंगाला सतत एक आंबूस दुर्गंधी यायची, आणि ती खरी किती, मनातली किती, हे तिचं तिलाही सांगता येईना.

ह्यातलं सेल्मरला तिने काही कळू दिलं नाही. सेल्मर म्हणजे तिचा नवरा, उंच, हडकुळा, दिवसाला दहा शब्द बोलणारा. इस्पितळातून आल्यापासून आर्डिस शिवणाच्या खोलीत खाट टाकून झोपायची आणि दाराला आतून खुर्ची लावायची. मळलेली फडकी ती कोठाराच्या मागे पिंपात जाळायची. सेल्मर दारात उभा राहून विचारायचा, "काही मदत हवी का?"

"गाईंकडे बघ तू."

तिला भीती मरणाची नव्हती. भीती एवढीच होती की सेल्मर हे बघेल, त्याच्या तोंडावर किळस उमटेल, आणि त्यानंतर तो तिच्याकडे बायको म्हणून कधीच बघणार नाही. तिला स्वतःलाच जे बघवत नव्हतं, ते तो कसा बघणार? झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून तिने मूठ घट्ट आवळली होती.

ऑक्टोबरात चर्चच्या तळघरात माशाचं जेवण असतं. राखेच्या खारात भिजवून फुगवलेला तो मासा, लुटफिस्क, आमच्या नॉर्वेकडच्या पूर्वजांनी का शोधला ते देव जाणे. थरथरतो, बुळबुळतो, आणि वास असा की कोट आठवडाभर बाहेर टांगावा लागतो. तरी चार तालुक्यांतून माणसं येतात आणि मिटक्या मारत खातात. वितळलेल्या लोण्याच्या किटल्या घेऊन टेबलांमधून फिरायचं काम आर्डिसचं. लव्हॉन टॉलेफसनचा त्या कामावर कधीचा डोळा होता.

"यंदा बस गं तू," लव्हॉन म्हणाली. "नुकतं कापलंय तुला. लोणी मी वाढते."

"तू वाढशील आणि निम्मं सांडशील. आण ती किटली इकडे."

दुसऱ्या पंगतीला, म्हाताऱ्या हेगेच्या बटाट्यांवर लोणी ओतायला ती वाकली आणि तिला पोटावर ऊन ऊन ओघळ जाणवला. मग कमरेशी. मग मांडीवर. किटली हातातच राहिली. 

हेगेने काटा खाली ठेवला. नाक फेंदारत इकडेतिकडे पाहिलं. "अरे, हा मासा सडलाय!"

"मासा कसला सडतोय? त्याचा वास असाच असतो," समोरचा म्हणाला.

"साठ वर्षं खातोय मी! हा माशाचा वास नाही. हे दुसरंच काहीतरी आहे. शी, शी, शी!"

टेबलावरच्या सगळ्यांनी ताटं हुंगली. लव्हॉन तावातावाने स्वयंपाकघराकडे निघाली, मासा उकळणाऱ्यांची खरडपट्टी काढायला. आर्डिसने किटली ठेवली, पोटाशी अॅप्रन गच्च धरला आणि चालत, पळत नव्हे, बायकांच्या मोरीत गेली. बिचाऱ्या माशाच्या डोक्यावर खापर फुटलं ते फुटू दिलं.

आत तिने घागरा वर केला. चकती अर्धी सुटून लोंबत होती. मलम, मळ आणि रक्त ह्यांचा राडा झाला होता. तिने कागदी रुमाल ओला करून घासायला सुरुवात केली, दात खाऊन, जितकं दुखेल तितकं जोराने.

दार वाजलं. तिला पोट धरून जाताना पाहून सेल्मर मागोमाग आला होता. "आर्डिस."

"चल नीघ! बायकांची मोरी आहे ही."

सेल्मर आत आला आणि दाराला पाठ लावून उभा राहिला. आर्डिसला अॅप्रन खाली करायलाही वेळ मिळाला नाही. तो बघत राहिला. त्याच्या तोंडावर ती ज्याची महिनाभर वाट बघत होती तेच उमटलं. नाकपुड्या फुगल्या, ओठ वाकडे झाले. किळस, धडधडीत.

"बघ," ती म्हणाली. "बघ एकदा पोटभर. झालं समाधान?"

"हे काय लावलंस?"

"कासेचं मलम."

"आणि त्याआधी?"

"सडांचं औषध. ब्रशने घासून."

सेल्मरचा आवाज चढला. लग्नापासून तिने तो गोठ्याबाहेर चढलेला ऐकला नव्हता. "गाईची कास कुणी अशी केली असती, तर तू काय केलं असतंस त्याचं? सांग की!"

 तिला ठाऊक होतं. मागे एका गड्याने दुधाच्या यंत्राने गाईचे सड सोलवटले होते. आर्डिसने त्याला जेवणावरून उठवलं होतं, त्याचे बूट अंगणात फेकले होते आणि वर म्हणाली होती, ज्याला कातडी कळत नाही त्याने जिवाला हात लावू नये.

"त्याचे बूट कुठवर गेले होते आठवतंय ना?" सेल्मर म्हणाला. "तुझे कुठे फेकू?"

त्याने आपला कोट काढून तिच्या कमरेला गुंडाळला आणि मागच्या जिन्याने तिला ट्रकपर्यंत नेलं. खाली तळघरात हेगे अजून माशाला शिव्या देत होता.

घरी खुर्ची दाराला लागली नाही. सेल्मरने मार्लिसला फोन केला आणि ती काय म्हणते ते तोंडात पुटपुटत पाठ केलं. मग कोमट पाण्याचं घमेलं, मऊ फडकी आणि नवी चकती घेऊन आला. आर्डिस खाटेवर पडून छताकडे बघत होती. त्याने लोंबणारी चकती कडेने पाणी सोडत हळूहळू सुटी केली. खालचं सगळं उघडं पडलं आणि वास अंगावर आला. त्याच वेळी त्या लाल तोंडाला काम आठवलं.

सेल्मरच्या गळ्यातून चमत्कारिक आवाज आला. त्याने फडकं टाकलं, तोंडावर हात दाबला आणि धावत बाहेर गेला. जन्मभर शेणामुतात, रक्तात, मेलेल्या वासरांत वावरलेला माणूस, आणि आर्डिसला तो मोरीत भडाभडा ओकताना ऐकू आला. चर्चमधला मासा, लोणी, बटाटे, सगळं.

संपलं, तिच्या मनात आलं. हेच व्हायचं होतं. तिला त्याचा राग आला नाही, स्वतःच्या पोटाचा आला, इतका की ते लाल तोंड हाताने उपटून फेकावंसं वाटलं. तिने चादर ओढून घेतली.

नळ सुटला, बंद झाला. सेल्मर परत आला. डोळ्यांत पाणी, हनुवटीला काहीतरी चिकटलेलं, तोंड पांढरंफटक. खाटेच्या कडेला बसून त्याने चादर बाजूला केली.

"घाण आहे बाई," तो म्हणाला. "फार घाण आहे."

"माहीत आहे मला."

"हलू नकोस." त्याने घमेल्यातलं फडकं पिळलं आणि पुढे वाकला.

आर्डिसने त्याचं मनगट धरलं. "तोंड तेवढं पुसलंस. हात धुतलेस का?"

सेल्मरने हातांकडे पाहिलं, उठला आणि पुन्हा मोरीकडे गेला. साबणाची वडी आपटल्याचा आवाज आला, मग बराच वेळ पाण्याचा. आर्डिसने मान भिंतीकडे वळवली नाही. तो येईपर्यंत ती पोटावरच्या त्या लाल तोंडाकडे बघत पडून राहिली.