साडूंचं वीस-चाळीस

स्वतःच्या रक्तदाबापेक्षा मोटारीच्या इंजिन ऑइलची काळजी जास्त करणारा माणूस उभ्या वसई तालुक्यात एकच झाला, आणि माझं नशीब असं थोर की तो नेमका माझा साडू निघाला.

मोटार सासऱ्यांची. गास गावातल्या त्यांच्या वाडीत, चिकूच्या झाडाखाली उभी असलेली जुनी फियाट. सासऱ्यांची नजर अधू झाली तेव्हा त्यांनी किल्ली थोरल्या जावयाच्या हातात ठेवली. का? तर तो थोरला! लायसन्स मला साडूंच्या आधी दोन वर्षं मिळालेलं, पण विचारतो कोण? दर रविवारी साडू स्टिअरिंगवर, शेजारी सासरे, आणि मागे दोन बहिणींच्या मध्ये भाजीच्या पिशव्या मांडीवर घेऊन मी. अगदी स्पष्ट सांगतो, जळायचो मी. सासऱ्यांनी एकदा, फक्त एकदा, "जावयबापू, आज तुमी चालवा" म्हणावं, एवढ्यासाठी जीव तळमळायचा.

गाडी चालायची ती नालासोपाऱ्याच्या बाजारापर्यंत आणि परत. आमचा दूधवाला सायकलवर महिन्यात जेवढं फिरे, तेवढंही तिचं वर्षाचं होत नसे. तरी साडू तिचं ऑइल वर्षातून दोनदा बदलत, अक्षय्यतृतीयेला आणि दसऱ्याला. "अहो, चाललीच नाही तर बदलता कशाला?" मी एकदा खवचटपणे विचारलं. "साडूभाऊ, माणूस नुसता बसून राहिला म्हणून म्हातारा व्हायचा थांबतो का? तेलाचंही तसंच," ते शांतपणे म्हणाले. सासऱ्यांनी अशी काही मान डोलावली की मी अर्धा चहा तसाच ठेवून उठलो. तेल बदलायच्या दिवशी आधी गाडी दहा मिनिटं सुरू ठेवायची, तेल कोमट करायचं, म्हणजे गाळ बरोबर निघून येतो. मग शर्ट काढून, गंजीफ्रॉकवर, पोत्यावर उताणं पडून साडू खाली शिरत. निघालेलं काळं तेल वाया जात नसे. ते वाळवी लागू नये म्हणून कुंपणाच्या खांबांना फासलं जाई. सासऱ्यांच्या वाडीचं कुंपण आख्ख्या गासमध्ये सगळ्यात काळं होतं, आणि त्याचंही कौतुक साडूंचंच.

नवं तेल घ्यायला ते थेट सातिवलीला जात. दुकानात थेंबभर तेल बोटांत चोळायचं, हुंगायचं, डोळे मिटायचे. लग्नाचा अत्तरवाला बरा! दुकानदार नवीन, महागडं, पातळ ऑइल पुढे करी. साडू हात जोडत. "ते नव्या गाड्यांना घाला. आमच्या म्हातारीची रबरी सीलं जुनी, तिला पातळ सोसायचं नाही. आपलं दाट वीस-चाळीस बरं."

मी शेजारी उभा राहून हे सगळं ऐकलेलं. ऐकून काय उपयोग? डोक्यात जळफळाट असला की कानांतून आत काही जात नाही.

एका वर्षी ऐन दसऱ्यात साडूंना आईच्या आजारपणासाठी गावाला जावं लागलं. किल्ली माझ्याकडे आली. "एक-दोनदा चक्कर मारा. ऑइल मी आल्यावर बदलीन," असं बजावून ते गेले. म्हटलं, अरे, हीच तर संधी! मी दुकानातलं सगळ्यात महाग ऑइल आणलं, तेच पातळ, चकचकीत डब्यातलं. दसऱ्याच्या सकाळी पोतं अंथरून खाली शिरलो. सासरे काठी टेकत आले. "धाकटे, तुमाला पन येतं हे?" म्हणाले. मला जग जिंकल्यासारखं झालं.

तिसऱ्या दिवशी साडू परतले, बॅग खांद्यावर, सरळ वाडीत. सासरे गाडीजवळ उभे होते. "हे कसलं पानी साचलंय हो?" त्यांनी विचारलं. पाणी कसलं! मी घातलेलं तेल जुन्या सीलांमधून पाझरून गाडीखाली पसरलं होतं. साडू वाकले, बोटांत चोळलं, हुंगलं आणि माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं.

"बाबा, चूक माझी," साडू म्हणाले. "मीच यांना फोन करून हे ऑइल घालायला सांगितलं."

सासरे भडकले. "एवडी वर्सं तेल तेल करता नि एवडं कळत नाय तुमाला? बस झालं. आता गाडी धाकटेच चालवतील!"

मी तोंड उघडलं. साडूंनी हळूच मान हलवली, आणि मी गप्प बसलो. गप्प बसलो, हेच खरं. दोन दिवस खपून त्यांनीच गळकी सीलं बदलली, आपलं दाट तेल भरलं आणि किल्ली माझ्या हातात दिली.

त्या रविवारी मी स्टिअरिंगवर बसलो. शेजारी सासरे, रस्ताभर माझं कौतुक करत होते. आता सासरे नाहीत, आणि खरं काय ते त्यांना सांगायचं राहूनच गेलं. पण त्या दिवशी मी आरशात पाहिलं. मागे पिशव्या मांडीवर घेऊन साडू डोळे मिटून इंजिनाचा आवाज ऐकत होते, अगदी सुखात. हवं होतं ते सगळं मला मिळालं होतं, आणि तरीही त्या माणसाचा मला तोवर कधी वाटला नव्हता एवढा हेवा वाटला.