मंदाकाकूंचे उपास

माझी आई कोणावरच विश्वास ठेवायची नाही.

दूधवाल्यावर नाही, डॉक्टरवर नाही, माझ्यावर तर अजिबातच नाही.

आज तिला जाऊन वर्ष झालं.

इंदिरानगरचा फ्लॅट विकून आम्ही दिंडोरीला रो-हाऊस घेतलं, तेव्हा ती कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलत नव्हती. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट कायम बंद आणि हिचे गुडघे गेलेले. ऑफिससाठी नाशिकला अप-डाऊन मी करणार होते. हिने फक्त अंगणात खुर्ची टाकून बसायचं होतं. तरी नाही म्हणजे नाही.

"फ्लॅटमध्ये दार लावलं की संपलं. तिकडे लोक आधी आडनाव विचारतील," म्हणाली.

मी म्हटलं, आई, कुठल्या जमान्यात आहेस तू?

टेम्पोतून सामान उतरत होतं तेव्हाच शेजारच्या मंदाकाकू चहाचा थर्मास घेऊन आल्या. आडनाव त्यांनी नाही विचारलं. पण मी हॉलमध्ये बुद्धमूर्ती ठेवत होते, तिकडे त्यांची नजर गेली आणि जरा थांबली.

आणि आई त्यांच्याकडे बघत होती. झालं, तिथेच केस ओपन झाली.

मंदाकाकू वाईट होत्या असं नाही हो. मेथीची जुडी आणून द्यायच्या, घरची द्राक्षं द्यायच्या, लाइट गेली की कुंपणावरून हाक मारायच्या. आई झेडपीच्या शाळेत शिक्षिका होती म्हणून तिला "बाई" म्हणायच्या.

द्यायच्या सगळं. पण आमच्याकडचं काही म्हणजे काही खायच्या नाहीत.

सोमवारी बोलावलं, तर महादेवाचा उपास. मंगळवार वणीच्या देवीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. मध्येच चतुर्थी. "आज माझा उपास हाय ना बाई," असं हसून म्हणायच्या. चहासुद्धा नको म्हणायच्या.

अरे, उपासाला चहा चालतो हे शेंबड्या पोरालाही माहितीये.

आईने मुद्दाम बुधवारी बोलावलं. बुधवारी त्यांची दाढ दुखत होती.

मग आईने डाव टाकला. जन्मात एक उपास न केलेल्या माझ्या आईने एकादशीला साबुदाणा भिजवला. मस्त खिचडी केली, वर खोबरं-कोथिंबीर, आणि गुडघे दुखत असताना स्वतः वाडगा घेऊन गेली. आता काय कारण सांगते बघतेच, म्हणाली.

काकूंनी दारातच वाडगा घेतला. कौतुक केलं. मग निवांत खाते म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी वाडगा घासूनपुसून परत आला, त्यात पेरू. भांडं रिकामं देऊ नये म्हणून.

"पेरू दिले म्हणजे खिचडी खाल्ली असं होत नाही," आई म्हणाली. त्यानंतर आठवडाभर ती काकूंच्या मोत्याकडे बघत बसायची. मोत्या म्हणजे त्यांचा कुत्रा. तो जाड झालाय असं तिचं ठाम मत होतं.

मी हसले. मग चिडले. संशयाचा किडा आहे तुझ्या डोक्यात, असतात लोकांचे उपास, असं बरंच काही बोलले.

आई भाजी निवडत होती. मान वर न करता बोलली.

"शाळेत आम्ही सगळ्या बायका डबे उघडून एकत्र बसायचो. सगळ्या सगळ्यांचं खायच्या. माझ्या डब्याला म्हणायच्या, वास छान येतोय हो बाई. निवृत्त होईपर्यंत वासच छान येत होता. चव कोणी सांगितली नाही."

एवढ्या वर्षांत हे ती मला पहिल्यांदा सांगत होती. भयंकर राग आला मला, आणि तो नक्की कोणावर ते कळत नव्हतं.

त्या उन्हाळ्यात तिने कैरीचं लोणचं घातलं. नेहमीसारखी बरणी भरून. काकूंना मात्र दिलं नाही. म्हणाली, आता मी नाही विचारणार तिला.

आणि पावसाळा संपता संपता गेली. दुपारची झोपली ती उठलीच नाही.

आम्ही सगळं उरकून घरी आलो. घरात चूल पेटलेली नाही. अशा वेळी शेजारीपाजारी जेवण आणतात आणि घरच्यांसोबत स्वतःही दोन घास खातात. कडू घास म्हणतात त्याला.

मंदाकाकू पिठलं-भाकरी घेऊन आल्या. आम्हाला वाढलं. मला बळेच खायला लावलं.

मी म्हटलं, काकू, तुम्ही पण बसा.

"नाय गं, आज माझा गुरुवार..."

एवढं म्हणाल्या आणि थांबल्या.

त्या दिवशी रविवार होता.

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. आई, तू शंभर टक्के बरोबर होतीस.

काकू खाली बसल्या. आमच्याच ताटात भाकरी घेतली. मी मनात म्हटलं, त्यात काय, भाकरी त्यांच्याच घरची आहे.

मग हळूच म्हणाल्या, "बाईंच्या हातचं लोणचं असंल ना गं? वाढ थोडं."

मी बरणी आणली. वाढलं. आणि अगदी आईसारखी, डोळ्यांत तेल घालून, त्यांच्या हाताकडे बघत बसले.

त्यांनी फोड खाल्ली. पूर्ण खाल्ली. डोळे पुसले.

लोक मरणाच्या घरात वागतात तसं वागल्या, की मनापासून, हे मला अजून माहीत नाही. वर्षभर विचार करतेय. त्यांच्या पोटात काही वेगळं असेलही. मी तुझीच मुलगी आहे.

पण आई, तुझ्या लोणच्याला काकू वास छान येतोय म्हणाल्या नाहीत.

म्हणाल्या, "मीठ लय पडलंय बाईंकडनं."

खरंच खारट झालं होतं गं.

जय भीम, आई.