कणकी आणि कणीक

आमच्या घरी गहू पाहुण्यांसाठी असायचा. चिचगडच्या अलीकडे, जंगलाला लागून असलेल्या आमच्या गावात सगळा धानाचा कारभार. आमची स्वतःची बांधी, म्हणजे धानाचं शेत, नव्हती. बाबूजी दुसऱ्याची जमीन ठेक्यानं करायचे, आणि पिकलेला चांगला तांदूळ बाजारात जायचा. आम्ही खायचो कणकी. कणकी म्हणजे धान भरडताना तुटलेला तांदूळ, ज्याला बाहेर कोणी विचारत नाही. सकाळी कणकीची पेज, रात्री कणकीचा भात. ताप आला तरी पेज, बाळंतीण झाली तरी पेज. शेजारच्या मास्तरांच्या घरून रोटी भाजल्याचा वास आला की आम्ही भावंडं हातातलं काम सोडून उभी राहायचो. बाबूजी ते बघायचे आणि म्हणायचे, "शिक व पोरी. शिकशील त रोज रोटी खाशील." शिक्षणाचा एवढाच अर्थ त्यांना माहीत होता, आणि मला तो पुरेसा वाटायचा.

मी शिकले. गोंदियाला राहून बी.एस्सी. केलं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे सांगताना मला आजही लाज वाटत नाही, उलट दोनदा सांगावंसं वाटतं. २००४ साली पुण्याजवळच्या एका औषधाच्या कंपनीत लॅबमध्ये नोकरी लागली. गोंदियाच्या स्टेशनवर माय-बाबूजी सोडायला आले होते. बाबूजी डब्यात चढून जागा झटकत होते, शेजारच्या प्रवाशाला हिंदीत सांगत होते, "भाईसाहब, बच्ची अकेली है, नौकरी पे जा रही है." 'नौकरी' हा शब्द ते जरा मोठ्यानं म्हणाले. मायनं माझ्या मांडीवर सुवारीचा डबा ठेवला. सुवारी म्हणजे पुरी, सणाला करतात ती. मी म्हटलं, भात बांधला असता तरी चाललं असतं. तर ती म्हणाली, "पुन्याले जाऊन राहिली तू. लोकं डबा उघडून पायतीन. कणकी दिसली पायजे का तेथं?"

गाडी सुटली तेव्हा मी रडले नाही. सुवारी खाल्ली.

पुण्यात आम्ही तिघी मुली एका खोलीत राहायचो आणि गल्लीतल्या एका काकूंकडे जेवायचो. काकू मायाळू. पोळ्या हव्या तेवढ्या, भात शेवटी, मुठीएवढा. पहिल्या दिवशी मी भात आधी मागितला तर रूममेट हसली. "तुमच्याकडे नाश्त्यालाही भातच का गं?" वाईट मनानं म्हणाली नाही, पण मला झोंबलं. दुसऱ्या दिवसापासून मी भात घेणंच सोडलं. पोळी, पोळी आणि पोळी. नाश्त्याला उपमा, संध्याकाळी कंपनीच्या कँटीनमध्ये ब्रेड. घरी फोन केला की बाबूजींचा पहिला प्रश्न ठरलेला, "रोटी भेटते ना?" मी सांगायचे, रोज भेटते. पलीकडून ते मायला सांगत असल्याचं ऐकू यायचं.

पावसाळा संपेपर्यंत माझं पोट बिघडलं. आधी वाटलं पाणी लागलं. मग फुगणं, मुरडा, दिवसातून किती वेळा उठावं लागेल याचा नेम नाही. वजन उतरलं, केस हातात यायला लागले, पाळी बंद झाली. लॅबमध्ये बाटली धरताना हात थरथरायचा. एका डॉक्टरांनी रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या, दुसऱ्यांनी जंताच्या, तिसऱ्यांनी टीबीची शंका काढली. त्या शब्दानं मी इतकी घाबरले की रूमवर कोणाला सांगितलं नाही. सगळे जण एक गोष्ट मात्र न चुकता सांगायचे : भात बंद करा, हलकं खा, पोळी-भाजी खा. मी शिकलेली मुलगी, डॉक्टरांचं ऐकणारी. पुण्यात भाताचा विचारही सोडला.

दिवाळीला रजा काढून गावी गेले की महिनाभरात अंग धरायचं. पुण्याला परतले की पुन्हा तेच. तिसऱ्या वर्षी कंपनीत साहेब म्हणाले, "गावाला गेलीस की बरी होतेस, इथं आलीस की आजारी. मन लागत नसेल तर तसं सांग, आम्ही दुसरी बघतो." गावातही लोक तेच बोलायचे, फक्त त्यांच्या भाषेत. शेजारची सकूआत्या मायला म्हणाली, "पोरीचा जीव कोठं तरी अडकला हाय. जेवनानं थोडीच कोनी वारते." वारते म्हणजे वाळते, रोडावते. मी दोन्हीकडे मान खाली घालून ऐकलं. खरं तर मला वाटायला लागलं होतं की हे बरोबर असतील. आपणच कमी पडतोय. शहरात टिकायचं हाड आपल्या घराण्यात नाही. मरून जाईन अशी भीती नव्हती, अशीच राहीन अशी होती. चार घास खायचे आणि संडासाजवळची जागा धरून बसायचं, म्हातारी होईपर्यंत.

शेवटी एका पोटाच्या डॉक्टरबाईंनी वेगळा प्रश्न विचारला. "गावाला काय खाता?"

"भात."

"आणि?"

"भातच. माझ्यासाठी वेगळं काय करणार?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. रक्ताची तपासणी केली, मग तोंडातून दुर्बीण घालून आतड्याचा तुकडा काढला. निदान आलं : सीलिअॅक. गव्हातलं ग्लूटेन माझ्या आतड्याला सोसत नाही, ते आतून सोलवटून गेलंय. गहू, रवा, मैदा, जव आयुष्यभर बंद. थोडासुद्धा नाही. हाताला लागलेलं पीठसुद्धा नाही. औषध विचारलं तर म्हणाल्या, औषध नाही, एवढंच पथ्य. दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून मी घरी फोन लावला. बाबूजींना सांगितलं की रोटीनं झालंय. ते म्हणाले, "रोटीनं कोनाले काही होते का बेटा? दुसऱ्या डॉक्टरले दाखव."

तुम्हाला वाटेल, कारण सापडलं म्हणजे सुटले. मलाही तसंच वाटलं होतं.

काकूंना मी समजावून सांगितलं, गव्हाचं काही चालणार नाही. त्या हळहळल्या. "अगं, मग तू खाणार काय?" मी म्हटलं, "काकू, सोपं आहे. मला कणकीची पेज द्या. आमच्याकडे आजारी माणसाला तीच देतात." त्यांनी मान हलवली. दुसऱ्या दिवसापासून वाटीभर गरम पेज यायला लागली, वर तूप आणि जिरं. चव जराशी वेगळी होती. मला वाटलं, इकडचा तांदूळ तसा असेल. शिवाय इतक्या दिवसांच्या आजारानं जिभेला चव तरी कुठं राहिली होती. मी दोन्ही वेळा तीच प्यायले. आणि आठवड्यात अशी आडवी पडले की रूममेटनं रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. सलाईन चालू असताना डॉक्टरबाई ओरडल्या, पथ्य पाळत नाही म्हणून. मी शपथेवर सांगितलं, पेजेशिवाय काही पोटात गेलं नाही.

बरं वाटल्यावर काकूंच्या स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. त्या माझीच पेज करत होत्या. कढईत तुपावर पीठ भाजत होत्या. गव्हाचं.

"काकू, हे काय?"

"कणकेची पेज. तूच सांगितलीस ना? मी म्हटलंसुद्धा ह्यांना, पोळी चालत नाही आणि कणीक कशी चालते. पण म्हटलं, पातळ करून चालत असेल. डॉक्टरांनी सांगितलं असेल."

मी कणकी म्हणाले होते, त्यांनी कणीक ऐकलं होतं. आमच्याकडे तुटका तांदूळ, त्यांच्याकडे मळायचं पीठ. एका मराठीतून दुसऱ्या मराठीत जाताना माझं अन्न विष झालं होतं, आणि चूक कोणाचीच नव्हती. काकू रडायला लागल्या. मला रडूसुद्धा येईना. मनात एवढंच आलं की इथं माझं बोलणंच कळत नसेल तर मी जगणार कशी. कणकीला कणकी म्हणणाऱ्या माणसांत जायला हवं. मी बिनपगारी रजा टाकली आणि गोंदियाची गाडी धरली. येताना स्वतःसाठी एक पातेलं आणि ताट विकत घेतलं होतं.

ते पातेलं बघून मायचा चेहरा उतरला. मी सगळं सांगितलं, आतडं, पीठ, कण. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "वेगरं ताट कायले पायजे?" आमच्या गावात वेगळं ताट दोघांनाच मिळायचं, टीबीवाल्याला आणि ज्याला जातीतून टाकलं त्याला. माझी आजी टीबीनं गेली. तिचं ताट गोठ्याच्या भिंतीवर ठेवलेलं असायचं आणि मायच तिला लांबून वाढायची. "तुले लांबून वाढू का मी आता? लोकं का म्हनतीन?"

दिवाळीनंतरचे मंडईचे दिवस होते. मंडई म्हणजे आमच्याकडची जत्रा, गावोगावी भरते, आणि ज्याच्या गावात भरते त्याच्या घरी पाहुणेच पाहुणे. माय पहाटेपासून सुवाऱ्या तळत होती. पाहुण्यांत माझ्यासाठी स्थळ घेऊन आलेले दोघं जणही होते. मायनं माझं पातेलं आणि ताट कोठीत धान साठवायच्या ढोलीमागं लपवलं, मला हे नंतर कळलं. माझा भात सगळ्यांच्या भातात शिजला आणि ज्या परातीत कणीक मळली होती तिच्यातच पसरला. ताट माझं नव्हतं, तरी मी निर्धास्त जेवले. माझं घर, आमचा भात, मायचा हात. कितीतरी दिवसांनी मी मागून घेऊन जेवले.

अंधार पडायच्या आत ओकाऱ्या सुरू झाल्या. अंगणात पाहुणे, बाजूला लाऊडस्पीकर, आणि मी परसात कुंपणाला धरून. स्थळ घेऊन आलेले दोघं लग्नाचा विषय न काढता निघून गेले. सकूआत्या म्हणाली, "सांगतलो नाही मी?" काय सांगितलं होतं ते तिनं बोलून दाखवलं नाही.

पुण्याला परतताना मी गाडीत हिशोब लावला : लॅबचं पाणी शुद्ध, बाकी कुठलीच गोष्ट माझ्यासाठी शुद्ध नाही. तुमच्यापैकी जे गाव सोडून गेलेत त्यांना माहीत आहे, शहरात कितीही मार पडला तरी मागं एक दार असतं, आणि त्या दाराच्या भरवशावर आपण उभे असतो. माझं ते दार बंद झालं होतं. लावलं होतं मायनं, आणि मायेनंच लावलं होतं. म्हणून भांडताही येत नव्हतं. मी घरी फोन करणं कमी केलं. खोली बदलली, एकटी राहायला लागले, स्टोव्ह घेतला. तांदूळ, डाळ, ज्वारी स्वतः निवडून दळायची. हिंगात गव्हाचं पीठ असतं हे कळल्यावर हिंग सोडला. कंपनीत कोणाचा वाढदिवस असला की मी संडासात जाऊन उभी राहायचे, केक नको म्हणायचा कंटाळा आला म्हणून. तब्येत हळूहळू सुधारली, नोकरी राहिली. पण दोन वर्षं मी कोणाच्याही घरी, कोणाच्याही शेजारी बसून जेवले नाही. धडधाकट होऊनही मी टाकलेलीच होते.

मग एकदा बाबूजी न कळवता पुण्याला आले. मी स्टोव्हवर भात लावला, दोघांनी खोलीत बसून खाल्ला. ते खोली बघत होते, एक पातेलं, एक ताट, त्यांच्यासाठी काढलेलं झाकण. त्यांनी विचारलं, "रोज अशीच जेवते का, एकटी?" मी हो म्हटलं. ते झाकणातला भात संपवून हात धुवायला उठले आणि बराच वेळ नळाशी उभे राहिले. गावी जाऊन ते मायला काय बोलले मला माहीत नाही.

त्या दिवाळीनंतर मायनं फोन केला. "मंडईले ये."

मी म्हटलं, "ताट घेऊन येईन. लपवायचं नाही."

"ताट नोको आनू," ती म्हणाली. "तुया ताट मी वेगरं नाही करत. मी मेल्यावर करजो."

मी पुन्हा आजारी पडायच्या तयारीनंच गेले. गोळ्या, साखर-मिठाच्या पुड्या, सगळं घेऊन. घरात शिरले तर चुलीवरची कढई नवी. परात नवी. पिठाचा डबा नव्हता. मायनं होता तो गहू आणि पीठ सकूआत्याला देऊन टाकलं होतं, पोळपाट-लाटणंसुद्धा. डबे राखेनं घासून उन्हात ठेवले होते. पाहुण्यांसाठी तव्यावर तांदळाच्या पिठाचे चिले होत होते, ढीगभर, आणि तांदळाचेच वडे.

सकूआत्या अंगणातूनच बोलली, "काय व, मंडईले सुवारी नाही? पोरगी एवढी कमावते न पाहुन्याले चिले चारते?"

"तुले गहू देल्लो ना सारा," माय तव्यावरून मान न काढता म्हणाली. "सुवारी खायची हाय त घरी जाऊन कर. येथं जे पोरगी खाईन तेच समदे खातीन."

"न किती दिवस असा?"

"ती जगते तेवढे दिवस."

बाबूजी पाहुण्यांच्या पंगतीत बसले होते. त्यांनी मला बाजूला जागा केली. कोणीतरी त्यांना विचारलं की रोटी सुटली का. त्यांनी चिला मोडला, वरणात बुडवला आणि म्हणाले, "मी धानाचा मानूस हाव." मला माहीत होतं त्यांना रोटी किती आवडते.

मी घाबरत घाबरत जेवले. मायनं जवळ येऊन वाढलं, हात लावून. मग रात्रभर ती माझ्या बाजूला पडून होती, आणि मी कूस बदलली की विचारायची, "दुखते का?"

दुखलं नाही.

याला आता काही वर्षं झाली. माझी नोकरी टिकली, मी लॅबमध्ये वरच्या जागेवर गेले. पुण्यात स्वतःचं घर केलं, तिथंही गहू येत नाही. लग्न झालं नाही, त्याचं दुःख होतं, आता फारसं होत नाही. गाव म्हटलं की लोकांना जंगल, धानाच्या बांध्या, स्टेशन आठवतं. मला ते फार आठवत नाही. मी वर्षातून दोनदा गावी जाते, आमच्या घरी सगळ्यांच्या पंगतीत बसते, ताटात काय आहे हे न विचारता जेवते, आणि आजारी पडत नाही.