वैनगंगेच्या घाटावरचं वजन

पूर आलेल्या वैनगंगेत तुम्ही भरवसा कोणावर ठेवाल? मोबाईलमधल्या हवामानावर, पुलावर, की डोंगेवाल्यावर? घाटावर माझं किराणा दुकान. शाळा अर्ध्यात सुटली, बाकीचं गिऱ्हाइकांनी शिकवलं. इथे चहा पिणारा प्रत्येक जण नदीचा एक किस्सा ठेवून जातो. माल विकला जातो, किस्से तसेच पडून!

*

पूल नव्हता तेव्हा इकडचं धान अन् तिकडचं मीठ लाकडी डोंग्यातूनच, छोट्या होडीतूनच जायचं. तेव्हापासूनचा घाटाचा रिवाज असा, की व्यापाऱ्याने आपल्या पोत्यावरच बसायचं, आणि डोंगा डगमगला तर आपल्याच हाताने ते नदीत ढकलायचं. माझ्या आजोबांनी एकदा मिठाचं पोतं ढकललं. काठावर वाट पाहणारं गिऱ्हाईक ओरडलं, "शेटजी, आता नदीच घरी नेऊ का?"

*

आता हिवाळ्यात मोहर्लीच्या जंगलात वाघ दिसला नाही, की पाहुणे रुसून आमच्याकडे वळतात. जुनी दगडी देवळं, धुकं, पाणपक्षी आणि आमच्या घाटाचा नावाडी पोचूभाऊ याचा डोंगा! नागपूरचे एक साहेब सेल्फीसाठी भर धारेत उभे राहिले. डोंगा कलला.

"बसा ना भाऊ!" पोचूभाऊ गरजला.

बसल्यावर साहेबांना कंठ फुटला. "लाइफ जॅकेट नाही? बुडालो तर वाचवाल कसे?"

"बुडाल्यावर नाई वाचवत साहेब. आधी बसवून वाचवतो!"

*

गेल्या पावसाळ्यातला किस्सा मात्र माझाच. पुलावरून पाणी, आणि पोचूभाऊच्या सुनेला कळा सुरू. दवाखाना पलीकडे. हलकं टोक धारेत फिरतं, म्हणून त्याने माझ्या दुकानातलं तांदळाचं पोतं डोंग्याच्या टोकाला ठेवलं. त्याची बायको शांताबाई सुनेला धरून बसली. पोतं माझं, म्हणून रिवाजाप्रमाणे मीही चढलो.

मधोमध लाट आत आली. मी कोणाला न विचारता पोतं ढकललं!

"काय केलं शेटजी!" पोचूभाऊ ओरडला.

डोंगा गरकन फिरला. सून किंचाळली.

"पोत्याच्या जागी पडा! पडा म्हणतो ना!"

मी आडवा झालो. नाकातोंडात पाणी.

"हलू नका," शांताबाई दात-ओठ खाऊन म्हणाली. "दुकानात तर दिवसभर हलत नाई!"

डोंगा हळूहळू सरळ झाला. काठावर दवाखान्याची गाडी उभीच होती, सासू-सून तीत बसून गेल्या. आम्ही दोघं फोनकडे बघत चिखलात बसलो.

शांताबाईचा फोन आला. "पोरगी झाली. दोघी बऱ्या हायत!"

पोचूभाऊने डोळे पुसले अन् परतायला डोंग्याचा बांबू उचलला. मी म्हटलं, "तू जा बाबा. पाणी उतरलं की मी पुलावरून येतो."

"असं कसं? पोतं तर बुडवलं. आता टोकाले काय ठेवू?"

हा किस्सा कुठे सांगाल तर हिशेब खरा ठेवा. हिंमत पोचूभाऊच्या नावे लिहा. माझ्या नावे फक्त वजन.