घे राजा, सावकाश

अख्ख्या कुलाबा जिल्ह्यात माझ्या मावशीच्या यजमानांइतका संतापी माणूस झाला नसेल, आणि मला आयुष्यात जेवढा म्हणून राग आला त्यातला निम्मा तरी या एका माणसाचा आला. आम्ही त्यांना काका म्हणत असू. श्रीवर्धनच्या अलीकडे, समुद्राला लागून त्यांची सुपारीची वाडी होती. स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी तिथल्या शाळेत मला मास्तरकी मिळाली आणि मी त्यांच्याच घरी राहायला गेलो. काका साधं बोलत नसत. आंघोळीचं पाणी गार असलं तर ओरडत, कढत असलं तर ओरडत, आणि बेताचं असलं तर आज बेताचं कसं काय निघालं म्हणून ओरडत. पोस्टमन पत्र फाटकातून आत फेकून सायकल दामटी. पोफळीवर चढलेल्या गड्याला मावशी आधीच बजावून ठेवी, की आता हाक येईल ती माझ्यासाठी आहे, तू हात सोडू नकोस. तिला त्यांनी कधी नावानं हाक मारली नाही. नुसतं 'अगो' म्हणत, आणि ते अशा आवाजात, की शेजारच्या दोन घरांतल्या बायकाही 'आले हो' म्हणत बाहेर येत.

असल्या माणसानं कुत्रा पाळला. कुंपणाशी सापडलेलं तांबूस पिल्लू, नाव गुंड्या, आणि नावाला पुरेपूर जागणारं. दारावरून जाणाऱ्या कोळणीच्या पाटीतला बांगडा पळवायचा, कोणाच्या अंगणात पडलेलं काहीही गिळायचं, आणि मग घरी येऊन काकांसमोर अंग टाकायचं. काका ओरडत, पण त्या ओरडण्यातच लहानाचा मोठा झालेल्या जनावराला त्याचं काय वाटणार? ते शेपूट हलवी. अशातच पंचायतीनं ठरवलं, की गावात मोकाट कुत्री फार झाली, शिमगा आटोपला की मटणाच्या तुकड्यांतून विषाच्या गोळ्या टाकायच्या. काका तरातरा विचारायला गेले, तर सरपंच म्हणाले, पाळलेल्या कुत्र्याला पट्टा बांधा म्हणजे झालं. "गोळीला पट्टा दिसतो का?" काका गरजले. पण गोळ्या मागवून झाल्या होत्या. दिसेल ते तोंडात घालणारा गुंड्या पहिल्याच फेरीत मरणार, हे सगळ्यांना कळत होतं.

पंचायतीत ओरडून काकांचा घसा साफ बसला, हे गुंड्याचं नशीब. त्याच दिवशी मावशीच्या हातून खोबऱ्याचा तुकडा पडला आणि गुंड्या झेपावला. ओरडता येईना म्हणून काकांनी तुकड्यावर तळहात ठेवला आणि तसेच मांडी घालून बसले. गुंड्यानं हुंगलं, बोटं चाटली, नखांनी ओरबाडलं. शेवटी कंटाळून तोंड मागे घेतलं आणि वर काकांकडे पाहिलं. काकांनी हात उचलला आणि घशात उरलं होतं तेवढ्या आवाजात म्हणाले, "घे राजा, सावकाश."

तेवढीच त्यांची विद्या. काठी नाही, दोरी नाही, उपाशी ठेवणं नाही. थांबलास तर मिळेल, झेपावलास तर हात पडेल, एवढंच ते त्याला पुन्हा पुन्हा दाखवत राहिले. घसा सुटला तरी त्याच्यापुढे आवाज चढला नाही. सदऱ्याच्या खिशात खोबरं असे आणि खोबऱ्याला मुंग्या असत. चुकला तरी म्हणायचे, असू दे, पुन्हा बघू. शिकला की म्हणायचे, शाब्बास, सावकाश खा, सगळं तुझंच आहे. भिंतीच्या अलीकडे बसून ते ऐकताना माझं डोकं भडकत असे, कारण तिथून उठून, धोतर झटकून हा माणूस आत यायचा आणि आमटीत मीठ जास्त पडलं म्हणून, मघापासून साठवलेलं सगळं मावशीच्या अंगावर ओतायचा. असू दे, पुन्हा बघू, हे शब्द तिच्या वाट्याला कधी आले नाहीत. ती मान खाली घालून वाढत राही.

पण विष काही खोबऱ्यातून येणार नव्हतं. तेव्हा सात पिढ्यांत मासळीला न शिवलेल्या काकांनी त्या कोळणीलाच गाठलं आणि वाटेवर बांगड्याचे तुकडे टाकून बघ म्हणाले. गुंड्यानं तिचं कमी का नुकसान केलं होतं? तरी तिनं टाकले. गुंड्या तुकड्यांसमोर बसला. लाळ गळत होती, अंग थरथरत होतं, पण डोळे काकांवर. कोळीण कमरेवर हात ठेवून बघत राहिली आणि म्हणाली, "आमचा दादला पन इतका आयकत न्हाय ओ." मावशी दारात उभी होती. ती हसली नाही.

शिमगा झाला. एका पहाटे गोळ्या पडल्या. उजाडलं तेव्हा गल्लीत सात-आठ कुत्री पाय ताठ करून पडली होती. त्यांत शाळेच्या पायरीवर रोज झोपणारी आंधळी कुत्रीही होती. तिनं कोणाचं काय केलं होतं, हे मला आजही कोणी सांगावं. आमच्या फाटकाबाहेर मटणाचा तुकडा होता आणि त्याच्यासमोर गुंड्या बसला होता, घराकडे तोंड करून, काका कधी उठतात याची वाट बघत. काकांनी तुकडा उचलून घेतला. गुंड्याला त्यांनी खिशातलं सगळं खोबरं दिलं. मग तसेच अनवाणी पंचायतीत गेले, तुकडा सरपंचांच्या टेबलावर आपटला आणि साऱ्या गावाला ऐकू जाईल असे ओरडले, "घ्या, सावकाश खा." त्या दिवशी मला ते पहिल्यांदा आवडले.

सरपंचांनी फिर्याद केली. काकांना अलिबागेच्या कोर्टात बोलावणं आलं. दिघीला जाऊन, होडीनं खाडी ओलांडून आगरदांडा, पुढे मोटार. त्यात तारीख लांबली आणि ते तिथेच अडकले. इकडे गुंड्या जेवेना. दुसऱ्या कोणाचं ऐकून खायचं हे त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. दूधभात पुढे ठेवून मी समजावलं, रागावलो, शेवटी ताटली त्याच्या तोंडाशी सरकवली. तो मागे सरला आणि फाटकाकडे बघत राहिला. विषातून वाचलेला कुत्रा उपासानं मरणार असं दिसू लागलं. तेव्हा मावशी हात पुसत बाहेर आली, त्याच्यासमोर जमिनीवर बसली आणि काकांच्याच सुरात, अगदी तशीच थांबत थांबत म्हणाली, "घे राजा, सावकाश. सगळं तुझंच आहे."

गुंड्या जेवला. मी थक्क होऊन बघत राहिलो, तर ती म्हणाली, "रोज भिंतीआडून ऐकत्ये ना. पाठ झालंय."

कोर्टानं समज देऊन सोडलं आणि काका परतले. मी त्यांना ओसरीवरही चढू दिलं नाही. त्यांच्या घरात, त्यांचं मीठ खाऊन, त्यांच्याच आवाजात मी त्यांच्यावर ओरडलो. मावशीनं काय केलं ते सांगितलं आणि विचारलं, की कुत्र्याशी बोलता तसं एकदा तिच्याशी बोललात तर जीभ झडेल का? ते खाली पायरीवरच गुंड्याशेजारी बसले.

दुसऱ्या दिवशी आम्हा दोघांची जेवणं उरकल्यावर मावशी एकटी पानावर बसली होती. काका स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन उभे राहिले. दोनदा खाकरले. मग त्यांनी तोंड उघडलं आणि असा आवाज निघाला, की वाडीतले कावळे उडाले: "जेव! सावकाश!"

मावशी घाबरली नाही. तिनं आपल्या पानातला घावन मोडला आणि तो तुकडा त्यांच्यापुढे धरला. बायकोच्या पानातलं उष्टं, आणि सोवळ्यातला नवरा. काका क्षणभर तुकड्याकडे बघत राहिले. मग वाकले आणि त्यांनी तो तोंडात घातला.

त्यानंतर ते रोज तिथे येत. आवाज हळूहळू उतरत गेला. आधी शेजाऱ्यांना ऐकू येईनासा झाला, मग ओसरीवर बसलेल्या मला. काही वर्षांनी काका गेले, तोवर उंबऱ्यात उभे राहून ते काय म्हणतात हे फक्त मावशीला ठाऊक होतं. लोक मला म्हणतात, गेलेल्या माणसावर राग धरू नये. मी धरतो. मावशी पानावर बसली की घास घेण्याआधी अजून दाराकडे बघते, ते पाहिलं की जास्तच धरतो. कारण जमत होतं त्यांना.