लाँगबो, रिकर्व्ह आणि भाऊंचं कपाळ

आमच्या लग्नाला पंचवीसेक वर्षं झाली, पण घरात धनुष्य कोणतं घ्यायचं यावरून आमच्यात अबोला होईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

अबोल्याची इतर सगळी कारणं आमची वापरून झाली होती. धनुष्य तेवढं राहिलं होतं!

मी नवलाख उंबऱ्याजवळच्या एका कारखान्यात कामाला, आणि घर लोणावळ्यात. आमच्या कारखान्याने एकदा कुरवंड्याच्या बाजूला एका शिबिरात सहकुटुंब सहल नेली. तिथे दोरीला लोंबकळणं, टायरमधून सरपटत जाणं असले माझ्या पोटाला न मानवणारे प्रकार होते. एका कोपऱ्यात मात्र धनुष्यबाण दिसले. म्हटलं, हे बरं, उभ्याउभ्या होतं. माझ्यामागोमाग मंगलही आली. (मंगल म्हणजे माझी बायको. शाळेत भूगोल शिकवते.) त्या दिवशी आम्हा दोघांना जे वेड लागलं ते लागलंच. दर रविवारी सकाळी आम्ही कुरवंड्याला. मंगलचे बाण हळूहळू लक्ष्याच्या आसपास पडू लागले. माझेही आसपासच पडत. फक्त कशाच्या आसपास, ते सांगता यायचं नाही.

थोड्या महिन्यांनी तिथले दाढीवाले सर म्हणाले, "आता स्वतःचं धनुष्य घ्या. लाँगबो घ्या, नाहीतर रिकर्व्ह."

लाँगबो म्हणजे सरळसाधं, माणसाएवढं उंच, लाकडी धनुष्य. रिकर्व्ह त्याहून आखूड, टोकं पुढच्या बाजूला वळलेली, आणि तीन तुकडे सुटे करून पिशवीत भरता येणारं. घरात जागा एकाचीच होती, त्यामुळे एकच घ्यायचं ठरलं. तिथवर आमचं एकमत झालं, आणि तिथेच ते संपलं.

"लाँगबो," मी म्हणालो. "धनुष्य कसं, धनुष्यासारखं दिसलं पाहिजे!"

"रिकर्व्ह," मंगल म्हणाली. "आखूड आहे, हातात बसतं, आणि दिसायचं काम धनुष्याचं नाही, बाण मारायचं आहे."

"पिशवीत घालून न्यायला ती काय भाजी आहे?"

यावर ती बोललीच नाही. बुधवारपर्यंत.

शेवटी सरांनीच तोडगा काढला. दोन्ही धनुष्यं एका रविवारी आम्हाला देऊन म्हणाले, "मोकळ्या जागेत निवांत मारून बघा. हाताला जे पटेल ते घ्या." मोकळी जागा म्हणजे मंगलचं माहेर, कामशेतजवळचं वडिवळे. भात कापून, झोडून झालेलं. अंगणापलीकडच्या खाचरात पेंढ्याची घरापेक्षा मोठी गंजी रचलेली. तिच्यावर नेम चुकायला माणूस आंधळा असावा लागतो, असं मी निघताना बोललो. (हे वाक्य मंगल अजून पाहुण्यांना ऐकवते.)

रिकर्व्ह मुकाट्याने पिशवीत गेलं. लाँगबो गाडीत मावेना. शेवटी मागच्या काचेपासून पुढच्या काचेपर्यंत तिरपं घातलं, ते आम्हा दोघांच्या मधून, बरोबर गिअरच्या दांड्यावर. दुसऱ्या गिअरच्या पुढे दांडा सरकेना! लोणावळ्यापासून कामशेतपर्यंत मी दुसऱ्या गिअरमध्ये आलो. वाटेत एका ट्रॅक्टरने आम्हाला मागे टाकलं आणि वर त्याच्या चालकाने हात केला.

"रिकर्व्ह असतं तर..." मंगल खिडकीबाहेर बघत म्हणाली.

"काय?"

"काही नाही. शेतं छान दिसतात सावकाश गेलं की."

अंगणात माझे सासरे, आबा, उभेच होते. मी लाँगबो बाहेर काढलं तसे म्हणाले, "पाव्हणं, आंबं काढायचं का काय? आत्ता कुटं आलं आंबं?"

"आबा, धनुष्य आहे हे."

"व्हय?" आबांनी ते खालपासून वरपर्यंत बघितलं. "बरं बरं. मंगे, हे तर लय मोठ्ठं दिसतंय. आपल्या घरावर चालून आलाय का काय तुजा नवरा?"

मंगल आईला भेटायला आत गेली. तेवढ्यात आजूबाजूची चार माणसं जमली. माणसं जमली की मला शिकवण्याची हुक्की येते. मी रिकर्व्हचे तुकडे जोडले आणि ते आपणहून ज्या बाजूला वाकलेलं दिसलं, त्याच बाजूने दोरी चढवली. अशी अलगद चढली म्हणता! शिबिरात त्यासाठी सरांना अख्खं अंग टाकावं लागायचं. मला माझ्या दंडांचं कौतुक वाटलं.

"आता बघा," मी म्हणालो आणि बाण सोडला. बाण निघाला आणि माझ्या पायाच्या अंगठ्याशी पडला. दुसरा सोडला. तो त्याच्याशेजारी पडला.

"याच्यात दमच नाही!" मी जाहीर केलं. "म्हणून मी पहिल्यापासून सांगत होतो, लाँगबो घ्या!"

"न्हाई, दम न्हाईच त्येच्यात," आबांनीही मान डोलावली. चार माणसांनी डोलावली. निकाल लागल्यात जमा होता. तेवढ्यात मंगल चहा घेऊन बाहेर आली आणि थबकली.

"अहो, ते उलटं आहे."

"काय उलटं आहे?"

"धनुष्य! वाक आहे त्याच्या विरुद्ध बाजूला ओढून दोरी लावायची असते. सरांनी चार वेळा सांगितलं."

मी तिला म्हणालो, की ते मला माहीत होतं आणि मी मुद्दाम उलट्या बाजूनेही तपासून बघत होतो. आबांनी चहाचा कप असा तोंडाला लावला, की कपामागचं हसू दिसू नये. पण खांदे हलत होते.

आता इभ्रतीचा प्रश्न आला. मी लाँगबो उचललं. मंगलने गंजीवर एक पत्रावळ खोचली आणि माझ्याकडे चामडी पट्टा पुढे केला. सुटणारी दोरी हातावर बसू नये म्हणून तो मनगटाच्या वर बांधतात.

"नको!" मी म्हणालो. "पूर्वीचे धनुर्धर बांधत होते का?"

(बांधत होते. नंतर कळलं.)

मी छाती पुढे काढली, दोरी कानापर्यंत ओढली आणि सोडली. बाण सुटला आणि त्याच क्षणी दोरीने माझ्या हाताच्या आतल्या बाजूला अशी सणसणीत चपराक दिली की मी "आई गं!" म्हणून जागच्या जागी उडालो. त्या उडण्यात धनुष्य वर गेलं, बाण वर गेला, गंजीच्या डोक्यावरून पलीकडे गेला आणि दिसेनासा झाला. मग लांबून "टॉक" असा आवाज आला.

गंजीला वळसा घालून बघितलं, तर पलीकडे रस्ता होता. रस्त्याच्या पलीकडच्या कडेला, आमच्याकडे तोंड करून, बांबूंवर भलामोठा फ्लेक्स होता. फ्लेक्सवर गावचे भावी सरपंच बाळूभाऊ, गॉगल लावून, हात जोडून हसत होते. खाली वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि शुभेच्छुकांची पासपोर्ट आकाराची रांग. आणि भाऊंच्या कपाळावर, दोन्ही भुवयांच्या मधोमध, जिथे गंध लावतात तिथे, माझा बाण! मागच्या बांबूत घट्ट रुतलेला. पिसं वाऱ्यावर हलत होती.

"मेलो," आबा म्हणाले. "मी दुसऱ्या पॅनलचा हाये."

मी बाण काढायला धावलो, पण फ्लेक्स माझ्या दोन पुरुष वर. मी उड्या मारतोय तोवर कुणीतरी फोटो काढलासुद्धा, आणि गावाच्या ग्रुपवर टाकलासुद्धा. 'आबांच्या जावयाने भाऊंवर बाण सोडला.' एवढंच. फ्लेक्सवरच्या भाऊंवर, हे लिहायला त्याला सुचलं नाही!

चहाचे कप विसळून होईपर्यंत मोटारसायकलींचा ताफा अंगणात. मधल्या गाडीवरून खुद्द भाऊ उतरले. फ्लेक्सपेक्षा बारीक होते, पण गॉगल तोच.

"पाव्हणं," भाऊ म्हणाले, "आपली वळख न्हाई, पाळख न्हाई. मग हे वैर कुटलं?"

"भाऊ, वैर नाही हो! मी या गंजीवर मारत होतो."

"गंजी हितं हाये. मी तितं हाये."

"चुकून लागला!"

त्यांच्यातला एक मिशीवाला पुढे आला. "चुकून? ऐन कपाळाच्या मदी? दोरी लावून मोजलं तरी इतकं मदी यायचं न्हाई. ह्यो लय सराईत गडी हाये, भाऊ!"

आता मी खरं सांगतो. माझ्या नेमबाजीबद्दल आजवर कुणी बरा शब्द काढला नव्हता. अशा वेळी एक अनोळखी माणूस चारचौघांत मला सराईत म्हणाला! माझ्या तोंडून निघून गेलं, "खरंच मधोमध आहे का हो?"

मंगलने मला असा चिमटा काढला की दोरीचा फटका परवडला.

"बगा! खुश झालाय!" मिशीवाला ओरडला. आबा मटकन ओट्यावर बसले. गर्दी पुढे सरकली. सासुरवाडीत, स्वतःच्या सासऱ्यांवर गावात मान खाली घालायची पाळी मी आणली होती. निवडणुका येतील जातील, पण या माणसांना रोज एकमेकांच्या बांधावरून जायचं होतं.

तेव्हा मंगल पुढे झाली. "भाऊ, मी आबांची मुलगी. ह्यांना नेम धरता येत नाही."

"कशावरनं?"

"मारून दाखवतील की."

भाऊंनी गॉगल कपाळावर चढवला. "दावा."

मी धनुष्य उचललं. मंगल माझ्या हाताला पट्टा बांधता बांधता कानाशी कुजबुजली, "मुद्दाम चुकवू नका, त्यांना कळेल. अगदी मनापासून नेम धरा. आपण सुटलोच!"

मी मनापासून नेम धरला. देवाशपथ धरला! घराएवढी गंजी, आणि माझ्या मनात आलं की एकदा, फक्त एकदा, या सगळ्यांसमोर लागू दे. मग जे व्हायचं ते होवो. पहिला बाण गंजीच्या अलीकडे जमिनीत घुसला. दुसरा डावीकडे उकिरड्यात. तिसऱ्या वेळी आबा ओरडले, "म्हस आत घ्या गं!" आणि मोटारसायकलींवरची पोरं आपापल्या गाड्यांमागे बसली. तिसरा पेरूच्या झाडात गेला, तिथून एक कच्चा पेरू घेऊन खाली आला.

मग भाऊंनी अंगणात बसकण मारली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

"बास! बास! आरं, ह्येंच्यापासनं मला काय बी धोका न्हाई! आबा, फुडच्या टायमाला तुमच्या पॅनलमदनं जावयालाच हुबं करा. मी बिनविरोध येतो!"

आबाही हसले, मिशीवालाही हसला, सासूबाईंनी पुन्हा चहा टाकला. माझी निर्दोष सुटका झाली होती. इतकी अपमानास्पद निर्दोष सुटका कुणाची झाली नसेल.

"आन ताई, तुमी?" भाऊंनी मंगलला विचारलं. "तुमीबी अशाच?"

मंगलने रिकर्व्हची दोरी सरळ बाजूने चढवली, शांतपणे तीन बाण लावले आणि तिन्ही पत्रावळीत बसवले. शेवटचा तर मधल्या काडीवर! भाऊंनी हळूच गॉगल डोळ्यांवर ओढला.

"ताई," ते म्हणाले, "तुमचं मतदान हितंच हाये का लोनावळ्याला?"

लाँगबो त्याच संध्याकाळी दुसऱ्या गिअरमध्ये कुरवंड्याला परत गेलं. दोन दिवसांत माझा हात मनगटापासून कोपरापर्यंत जांभळा झाला, आणि कारखान्यात तो बघून साहेबांनी मला बाजूला घेऊन, घरी सगळं ठीक आहे ना, असं फार मायेने विचारलं. मी "बायको धनुष्यबाण शिकते" एवढंच म्हणालो. त्यांनी मला अर्ध्या दिवसाची रजा दिली.

आमच्याकडे आता रिकर्व्ह आहे. मंगल दर रविवारी वडिवळ्याला गंजीसमोर उभी राहते, आणि बाण शोधून आणायचं काम माझ्याकडे आहे. अडचण एवढीच, की तिचा एकही बाण हरवत नाही, आणि मी नुसता ओट्यावर बसून राहतो. सासुरवाडीत जावयाने रिकामं बसणं बरं दिसत नाही. म्हणून अधूनमधून एखादा बाण मीही मारतो, आणि मग संध्याकाळपर्यंत मला काम पुरतं!