हद्दीवर बस बदलताना

नातवंडांना अक्कल शिकवणारी मी, तरुणपणी नवव्या महिन्यात पलीकडच्या राज्यात माहेरी एकटीच निघाले होते. का, तर दोन सरकारांचा करार झाला, आता बस थेट जाणार, असं पेपरात वाचलं होतं!

काल हद्दीवरच्या त्याच नाक्यावर माणसं अजून बोचकी घेऊन बस बदलताना दिसली. तेव्हाही ड्रायव्हरने हद्दीवरच बस थांबवली होती. ‘वरून आदेश नाही, बाई. उतरा.’ समोर पलीकडची बस सुटायला घुरघुरत होती आणि माझ्या कळा सुरू झालेल्या. सह्या करणाऱ्यांना सवड असते. येणाऱ्या जिवाला कुठली? पोट धरून मी मधला रस्ता तुडवला.

बाळ माहेरीच झालं. त्याला पुसत आई म्हणाली, ‘त्या दोन सरकारांचं आपसात पटेपर्यंत तुझा लेक शाळेत गेला असता, येडे!’